बाळाच्या वस्तू: कुठे जुनं चालेल, कुठे अजिबात नाही

बाळ येणार असलेल्या घरात दोन सल्ले हमखास येतात. एक म्हणतो, पहिलंच बाळ आहे, सगळं नवंकोरं घ्या, हात आखडता घेऊ नका. दुसरा म्हणतो, चार महिन्यांत सगळं लहान होतं, कशाला पैसे घालवता, आमच्याकडचं घेऊन जा. दोन्ही प्रेमापोटीच दिलेले असतात. पण दोन्हींत सगळ्या वस्तू एकाच तराजूत टाकलेल्या असतात आणि माझा आक्षेप तिथेच आहे. झबलं आणि कार सीट, म्हणजे गाडीत बाळाला पट्ट्यांनी बांधून बसवायची खास खुर्ची, खरेदीच्या एकाच यादीत असतात, पण त्यांच्याबद्दलचा निर्णय एकाच नियमानं घेता येत नाही.

मी प्रत्येक वस्तूबद्दल एवढंच विचारते: ही वस्तू दगा देणार असेल, तर ते मला आधी दिसेल का? दिसणार असेल तर जुनी खुशाल घ्यावी. दिसणार नसेल आणि बाळाच्या जिवाशी गाठ असेल, तर नवीच घ्यावी, किंवा अशी घ्यावी जिचा पहिल्या दिवसापासूनचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे.

कपड्यांपासून सुरुवात करते, कारण तिथे माझं मत अगदी ठाम आहे. नव्या कपड्यांवर पैसे घालवू नका. जन्मताना साधारण ५० सेंटीमीटर लांबीचं बाळ वर्षाचं होईपर्यंत ७५ सेंटीमीटरच्या आसपास पोहोचतं. वजन पाच-सहा महिन्यांत दुप्पट आणि वर्षात तिप्पट होतं. या वेगापुढे कोणताही कपडा झिजायला वेळच मिळत नाही. तुमच्या हातात पडणारं जुनं झबलं बहुतेक वेळा जेमतेम वापरलेलं असतं, आणि अनेकदा धुतल्यामुळे नव्यापेक्षा मऊ असतं. नव्या कापडावरची खळ आणि रसायनं निघून गेलेली असतात. दुपटी, टोपडी, मोजे, स्वेटर, सगळ्याला हेच लागू. घेताना बटणं ओढून बघा, गळ्याजवळची आणि टोपडीची नाडी काढून टाका, आणि मोज्यांच्या आत सुटे धागे आहेत का ते पाहा. असा धागा इवल्याशा बोटाभोवती गुंडाळला गेला तर रक्तपुरवठा बंद होऊ शकतो आणि बाळ का रडतंय ते कुणालाच कळत नाही.

कपड्यांच्या बाबतीत एकच धोका मी फार गंभीरपणे घेते, तो डांबरगोळ्यांचा. वर्षानुवर्षं ट्रंकेत जपून ठेवलेले कपडे बाहेर निघतात आणि लगेच बाळाच्या अंगावर चढतात. या गोळ्यांमध्ये नॅफ्थलीन असू शकतं. काही बाळांमध्ये जीसिक्सपीडी नावाच्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असते. अशा बाळाच्या अंगात नॅफ्थलीन गेलं तर तांबड्या रक्तपेशी फुटतात आणि कावीळ धोकादायक पातळीपर्यंत चढू शकते. आपल्या बाळात ही कमतरता आहे की नाही, हे पहिल्या आठवड्यात बहुतेक घरांना माहीतही नसतं. तेव्हा असे कपडे नवजात बाळाला घालूच नका. मोठं झाल्यावर वापरायचे असतील तरी आधी नीट धुऊन, बरेच दिवस उन्हावाऱ्यात ठेवून, वास पूर्ण गेल्यावरच वापरा. देणाऱ्यालाही सांगा की कपडे गोळ्या न टाकता ठेव.

आता कार सीट. ज्याचा इतिहास ठाऊक नाही अशी जुनी कार सीट मी कुणालाही घेऊ देणार नाही, मग ती दिसायला कितीही चकचकीत असो. या वस्तूची परीक्षा आयुष्यात बहुधा एकदाच होते, अपघाताच्या क्षणी. धक्का शोषून घेण्यासाठी आतलं प्लास्टिक आणि फोम स्वतः चेपतात, तडकतात. एका मोठ्या धक्क्यानंतर ते पुन्हा तसेच काम करतील याची खात्री नसते, आणि कापडाखाली गेलेली बारीक तड वरून दिसत नाही. गाडीतल्या उन्हातान्हात प्लास्टिक वर्षानुवर्षं तापून ठिसूळ होतं. कुणी पट्टे ब्लीचमध्ये धुतले असतील तर धाग्यांची ताकद कमी झालेली असते, पट्टे मात्र छान स्वच्छ दिसतात. म्हणूनच बहुतेक उत्पादक सीटवर तयार केल्याची तारीख आणि वापराची मुदत छापतात. ही मुदत साधारण ६ ते १० वर्षांची असते. शिवाय नियमही बदलत राहतात. युरोपात कार सीटसाठीच्या आर४४ या सुरक्षा नियमाच्या पहिल्या दोन आवृत्त्यांनुसार बनलेल्या सीट २००८ पासून वापरायलाच मनाई आहे, आणि त्यापुढचा आर१२९ हा नियम २०१३ मध्ये लागू झाला.

सख्खी बहीण देत असेल, अपघात झालेला नाही हे ती छातीठोकपणे सांगत असेल, मुदत बाकी असेल, माहितीपुस्तिका आणि सगळे भाग जागेवर असतील, तर जरूर घ्या. अनोळखी माणसाच्या शब्दावर मात्र नाही. तो खोटं बोलतोय असं मला म्हणायचं नाही. त्यानं स्वतःच ती जुनी घेतली असेल, तर त्यालाही आधीचं काही माहीत नसतं.

झोपण्याच्या वस्तूंबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण बाळ तिथे तासन्‌तास एकटं असतं. बाजू वरखाली सरकणारे लाकडी पाळणे एके काळी घरोघरी असायचे. ती बाजू निखळून बाळं फटीत अडकल्याच्या घटना घडल्या आणि अमेरिकेत २०११ साली अशा पाळण्यांच्या विक्रीवर बंदी आली, जुन्यांच्या विक्रीवरसुद्धा. तेव्हा कुणी माळ्यावरचा पाळणा काढून देत असेल तर आधी बाजू पक्की आहे का ते बघा. दांड्यांमधलं अंतर सुमारे ६ सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. शीतपेयाचा नेहमीचा कॅन दोन दांड्यांमधून आरपार गेला, तर तो पाळणा घेऊ नका. एखादा स्क्रू हरवला म्हणून दोरीनं किंवा तारेनं बांधलेलं असेल, तरीही नको. रंगाचे पोपडे निघत असतील तर वय विचारा. अमेरिकेत शिसं असलेल्या घरगुती रंगांवर १९७८ मध्ये बंदी आली. त्या काळातला पाळणा आठवण म्हणून कितीही मोलाचा असला तरी दात येणारं बाळ त्याची कड चावणार आहे, हे लक्षात ठेवा.

पाळणा जुना चालेल, गादी शक्यतो नवी. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या स्कॉटलंडमधल्या एका अभ्यासात वापरलेली गादी, विशेषतः दुसऱ्या घरातून आलेली, आणि बाळाचा झोपेत अचानक होणारा मृत्यू यांच्यात संबंध आढळला होता. गादीमुळेच मृत्यू होतो असं त्यातून सिद्ध झालं नाही. पण मधोमध खळगा पडलेली मऊ गादी बाळासाठी वाईट, याबद्दल दुमत नाही. गादी सपाट, टणक आणि चौकटीत घट्ट बसणारी हवी. कडेला दोन बोटांपेक्षा जास्त फट राहता कामा नये.

जुन्या बाजारातला सगळ्यात मोठा धोका मला वाटतो तो कंपनीनं परत मागवलेल्या मालाचा. २०१९ मध्ये अमेरिकेत एका नामांकित कंपनीनं तिरक्या पाठीचे बाळझोपाळे परत मागवले, सुमारे ४७ लाख. त्यात झोपलेल्या तीसहून अधिक बाळांचे मृत्यू तोवर नोंदले गेले होते. पुढे २०२३ मध्ये पुन्हा इशारा द्यावा लागला, कारण परत मागवल्याची घोषणा झाल्यानंतरही किमान आठ मृत्यू झाले होते. ज्या घरात तो झोपाळा सुखरूप वापरून झाला, त्या घराला तो चांगलाच वाटणार आणि ते मनापासून दुसऱ्याला देणार. म्हणून कुणाचाही अनुभव पुरेसा मानू नका. मॉडेलचं नाव आणि क्रमांक घ्या आणि तो परत मागवलेल्या वस्तूंमध्ये आहे का ते तपासा. पाच मिनिटांचं काम आहे.

ब्रेस्ट पंपाबद्दल बायका आपसात फार सहज देवघेव करतात, म्हणून मुद्दाम लिहिते. एकाच आईसाठी बनवलेल्या बऱ्याच पंपांमध्ये दूध किंवा ओल मोटरपर्यंत जाऊ शकते, तिथे बुरशी धरते, आणि तो भाग उघडून धुता येत नाही. नळ्या आणि बाटल्या नव्या लावल्या तरी आतलं तसंच राहतं. काही विषाणू आईच्या दुधात असू शकतात हेही आहे. याहून मनाला लागणारी गोष्ट वेगळीच. जुन्या पंपाची मोटर थकते, पडदा सैल होतो, ओढ कमी पडते, आणि बाळंतीण समजते की मलाच दूध कमी येतंय. त्या दिवसांत तिच्या मनावर हे ओझं पडू नये. पंप परवडत नसेल तर अनेक जणींसाठीच बनवलेला, बंद रचनेचा, म्हणजे दूध मोटरपर्यंत जाऊ न देणारा पंप भाड्यानं घ्या आणि दुधाला लागणारे भाग स्वतःचे नवे वापरा.

बाटल्यांची निपल नेहमी नवी. रबर किंवा सिलिकॉन चिरतं, तुकडा सुटतो. काचेच्या बाटल्या टवका उडालेला नसेल तर उकळून वापरा. जुन्या कडक, पारदर्शक प्लास्टिकच्या मात्र नको. बीपीए हे रसायन असलेल्या पॉलीकार्बोनेट नावाच्या प्लास्टिकच्या बाटल्यांवर युरोपीय संघानं २०११ मध्ये आणि अमेरिकेनं २०१२ मध्ये बंदी आणली, म्हणजे त्याआधीच्या अनेक बाटल्या त्याच प्लास्टिकच्या असू शकतात.

बाबागाडी, उंच खुर्ची, न्हाणीचा टब, पुस्तकं हे सगळं जुनं घ्या आणि मजेत वापरा. बाबागाडीचा ब्रेक लावून ढकलून बघा, घडीचं कुलूप नीट बसतंय का आणि बिजागरीत बोट सापडतंय का ते पाहा. उंच खुर्चीला दोन पायांमधून येणारा पट्टा हवाच. खेळण्यांत लाकडी ठोकळे उत्तम. आवाज करणारं, दिवे लागणारं खेळणं असेल तर बॅटरीचं झाकण स्क्रूनं बंद होतंय याची खात्री करा. बटणासारखी गोल बॅटरी गिळली गेली तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. झाकण सैल असेल तर ते खेळणं घरात ठेवूच नका.

काही वस्तू मात्र नव्याही नकोत आणि जुन्याही नकोत. चाकांचा वॉकर त्यातला पहिला. कॅनडानं २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली, जुन्या वॉकरच्या विक्रीवरही. बाळ जिन्याकडे किंवा गरम वस्तूकडे इतक्या वेगानं पोहोचतं की शेजारी बसलेली व्यक्तीही वेळेत उठू शकत नाही, आणि वॉकरमुळे चालणं लवकर येतं हा समज चुकीचा आहे. पाळण्याच्या कडेनं लावायच्या मऊ गाद्या आणि बाळाची उशीही तशीच. भेट म्हणून आल्या तर आभार माना आणि बाजूला ठेवा.

मला ठाऊक आहे की पैशांइतकाच हा लाजेचा प्रश्न आहे. वापरलेले कपडे घातले तर लोकांना वाटेल यांना परवडत नाही, आणि आईलाही आतून वाटत राहतं की आपण बाळाला कमी देतोय. तसं अजिबात नाही, हे मी प्रत्येक होऊ घातलेल्या आईबापाला सांगेन. झबली मागून आणा आणि तेच पैसे चांगल्या कार सीटला, नव्या गादीला लावा. त्यातूनही उरले तर आईला चार तास झोप मिळावी म्हणून मदतीला कुणीतरी ठेवा.

आणि जे देणारे आहेत त्यांना एक कळकळीची विनंती. वस्तू देताना कधी घेतली, कुठे पडली, काय बदललं, हे खरं खरं लिहून द्या. स्क्रू आणि माहितीपुस्तिका पिशवीत घालून त्याच वस्तूला बांधा. मुदत संपलेली किंवा अपघातातली कार सीट कुणाला देऊ नका आणि तशीच कचऱ्याजवळही ठेवू नका. आधी तिचे पट्टे कापा, कापड फाडा, तिच्यावर मोठ्या अक्षरांत ‘वापरू नये’ असं लिहा आणि मगच टाका.