नानांचा गुण्या आणि मिराजचा पंख

विमानाच्या पोटाखाली कोण बघतंय, असं मॉडेल बनवणाऱ्यानं स्वतःची समजूत घालू नये. निदान आमच्या दौलतगंजातल्या घरात तरी. कॉकपिटमधली घड्याळं रंगवताना मी डोळे फोडून घेतलेले असतात, तिकडे कुणी ढुंकून बघत नाही. येणारा प्रत्येक जण विमान उचलतो आणि वांगं किडकं आहे का बघावं तसं उलटं करतो.

ग्वाल्हेरात राहून बनवायचं ते मिराज-२०००च. १९८५ पासून ही विमानं महाराजपूरच्या तळावर आहेत. डोक्यावर गडगडाट झाला की इथला माणूस वाक्य अर्धं सोडतो आणि आवाज विरला की थेट क्रियापदापासून पुढे सुरू करतो.

माझं मिराज १:७२ मापाचं, नाकापासून शेपटीपर्यंत जेमतेम वीतभर. दोन्ही पंखांखाली दोन-दोन पायलन, म्हणजे टाक्या नि क्षेपणास्त्रं टांगायच्या खुंट्या. बाहेरच्या खुंटीला मॅजिक क्षेपणास्त्र, जाडी सुमारे दोन मिलिमीटर. गंमत अशी की सगळं बहात्तर पटीनं लहान होतं, कोन तेवढा होत नाही. दोन अंशांचा तिरकेपणा इथेही दोनच अंशांचा, आणि तो चष्मा न लावणाऱ्यालाही दिसतो.

त्यात मिराजचा पंख त्रिकोणी. पुढची कड तिरकी मागे पळते आणि डोळा तिच्याशीच काटकोन जुळवायला जातो. पायलनला त्या कडेशी काही देणंघेणं नसतं. त्याची सोयरीक धडाच्या मध्यरेषेशी. म्हणून पोटावर मास्किंग टेपची सरळ पट्टी लावायची, तिच्यापासून पायलनचं पुढचं आणि मागचं टोक सारख्याच अंतरावर आणायचं. मग एक डोळा मिटून नाकाच्या बाजूनं बघायचं, खुंटी उभी आहे की लंगडतेय. मे महिन्यात हे सगळं कूलर बंद करून. लावला तर चिमट्यातला तुकडा उडतो, नाही लावला तर घाम नेमका पंखावर.

"अहो, कूलर माणसांसाठी घेतलाय ना?" आतून आवाज.

सुपरग्लू विचार करायला वेळ देत नाही. फेव्हिकॉल देतो, पण इतका देतो की तेवढ्यात नाना येऊन पोचतात. नाना म्हणजे माझे काका, जन्मभर शाळेत भूमिती शिकवलेले. कंपासपेटीतला गुण्या अजून खिशात असतो.

"अरे, हे डावं मोरेन्याला चाललंय आणि उजवं भिंडला."

"नाना, हात नका लावू, ओलं आहे."

"ओलं आहे म्हणूनच लावतोय."

त्यांनी गुण्या टेकवला, नखानं किंचित ढकललं, पुन्हा टेकवला. दोन्ही पायलन सरळ! मी श्वास सोडला, तोही बेतानं. नाना मात्र आता खोका चाळत होते.

"या दोन टाक्या कसल्या रे?"

"इंधनाच्या. आतल्या पायलनला लागतात. मी नाही लावणार."

"पैसे मोजलेस ना यांचे?"

"हो, पण..."

"मग लाव की. मी बसलोय."