पिनोशेनं काय विकलं नाही, ते बघा

नमस्कार,

प्रतिक्रिया वाचली. मूळ लेखात मी म्हटलं होतं की हुकूमशहाला आधी खुर्ची टिकवायची असते आणि देशाची अर्थव्यवस्था त्या कामाला जुंपली जाते. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की हे सगळं एकतर्फी आहे, चिलीत लष्करशहा जनरल पिनोशेनं मोडलेला देश उभा केला, दुसरा लष्करशहा पार्क चुंग-हीनं दक्षिण कोरिया उभा केला, निवडणुकीची भीती नसली की कडू औषध पाजता येतं, आणि पिनोशे तर मतदान हरल्यावर गुपचूप गेला, मग हुकूमशहा कसला. वर "जरा अभ्यास वाढवा" असा सल्लाही दिलाय. हरकत नाही. पण चिली तुम्हीच काढलंत ना, मग चिलीबद्दलच बोलू, कारण माझ्या मुद्द्याला याहून चांगलं उदाहरण मला शोधूनही सापडलं नसतं.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते. पिनोशेच्या आधीचा, निवडून आलेला समाजवादी राष्ट्राध्यक्ष आयेंदे, त्याच्या शेवटच्या वर्षात चिलीची हालत खरंच वाईट होती, 1973 मध्ये महागाई 500 टक्क्यांच्या वर गेलेली, सरकार नोटा छापून तूट भरतंय, भाव कागदावर बांधलेले म्हणून दुकानात माल नाही आणि काळ्या बाजारात पाहिजे ते, ट्रकवाल्यांचे संप, आणि वरून अमेरिकेच्या निक्सन सरकारनं बाहेरच्या कर्जाच्या नाड्या आवळलेल्या. त्यामुळे 11 सप्टेंबर 1973 ला लष्करानं उठाव केला तेव्हा मध्यमवर्गातल्या बऱ्याच लोकांना हायसं वाटलं, हे मला मान्यच आहे. पुढे महागाई उतरली हेही मान्य.

आता बघा, उठाव काही पिनोशेचा एकट्याचा नव्हता. लष्कर, नौदल, हवाई दल आणि पोलीस अशा चार प्रमुखांची हुंता, म्हणजे लष्करी राज्यमंडळ होतं आणि अध्यक्षपद आळीपाळीनं फिरेल अशी सुरुवातीची बोली होती. खुद्द पिनोशेला लष्करप्रमुख होऊन तीन आठवडेसुद्धा झाले नव्हते, आणि त्याला नेमलं होतं आयेंदेनंच. पण जून 1974 मध्ये तो 'राष्ट्राचा सर्वोच्च प्रमुख' झाला, डिसेंबरपर्यंत थेट राष्ट्राध्यक्ष. त्याच जूनमध्ये 'दिना' ही गुप्त पोलीस संघटना कायद्यानं उभी राहिली, कागदावर ती हुंतेच्या हाताखाली पण तिचा प्रमुख कोन्त्रेरास हिशोब द्यायचा फक्त पिनोशेला. डाव्यांचं काय झालं ते सगळ्यांना माहितीये. पण 30 सप्टेंबर 1974 ला ब्युनोस आयरिसमध्ये गाडीखाली बॉम्ब लावून मारला गेला तो कार्लोस प्रात्स, म्हणजे पिनोशेच्या आधीचा लष्करप्रमुख, सोबत त्याची बायको. हा निरोप डाव्यांसाठी नव्हता, गणवेशातल्या लोकांसाठी होता.

आणि इथे ते शिकागो विद्यापीठात शिकलेले, मुक्त बाजार मानणारे चिलीचे अर्थतज्ज्ञ येतात. तुम्ही लिहिलंय की पिनोशेला मुक्त बाजाराची दृष्टी होती म्हणून त्यानं त्यांना आणलं. अहो, पिनोशे आयुष्यभर छावण्यांमधून वाढलेला माणूस, त्याला कसली मुक्त बाजाराची दृष्टी. चिलीच्या लष्करात उलट सरकारी कारखाने, सरकारी नियोजन मानणारेच जास्त. हवाई दलाचा गुस्ताव्हो ले त्यातला मोठा, आणि पिनोशेचा खरा प्रतिस्पर्धीही तोच. आता विचार करा, तुम्ही पिनोशेच्या जागी आहात, अर्थखातं कोणाला द्याल? जनरलला दिलं तर त्याच्या हाताखाली पैसे येणार, माणसं येणार, उद्या तो डोईजड होणार. शिकागोच्या पोरांकडे ना फौज, ना पक्ष, ना मतदार. त्यांच्या मागे पिनोशे उभा आहे तोवर ते मंत्री, तो बाजूला झाला की घरी. असे नोकर कुठल्याही हुकूमशहाला आवडतील हो. मार्च 1975 मध्ये त्यांचा शिकागोचा गुरू, अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन येऊन गेला, एप्रिलमध्ये शॉक ट्रीटमेंट, म्हणजे सरकारी खर्चाला एकदम मोठी कात्री सुरू झाली, त्या वर्षी देशाचं उत्पन्न साधारण 13 टक्क्यांनी आपटलं. ले कुरकुरत राहिला, 1978 मध्ये त्यानं एका इटालियन वर्तमानपत्राला मुलाखत देऊन उघड टीका केली, आणि जुलैमध्ये पिनोशेनं त्याला काढलाच. त्याच्यासोबत हवाई दलाचे बहुतेक जनरलही गेले. म्हणजे आर्थिक धोरणाचा वाद आणि खुर्चीचा वाद एकाच दिवशी निकालात निघाला.

आता शीर्षकातल्या मुद्द्यावर येतो, कारण इथेच घोडं पेंड खातं.

मुक्त बाजार, खासगीकरण, सरकारनं अंग काढून घ्यावं, हे तत्त्व असेल तर पहिली विकायला हवी होती तांब्याची कंपनी. चिलीचं परकीय चलन प्रामुख्यानं तांब्यातूनच येतं. आयेंदेनं 1971 मध्ये मोठ्या अमेरिकन खाणींचं राष्ट्रीयीकरण केलं होतं (संसदेत एकमतानं, उजव्यांनीही मत दिलं होतं बरं का). पिनोशेनं अमेरिकन कंपन्यांना भरपाई दिली, पण खाणी? ठेवल्या. 1976 मध्ये त्यांची कोडेल्को ही सरकारी कंपनी केली. शेकडो कंपन्या विकणाऱ्या माणसानं ही एक का नाही विकली? कारण 1958 पासून एक गुप्त कायदा होता, तांब्याच्या पैशातला वाटा शस्त्रखरेदीला द्यायचा, आणि पिनोशेच्या काळात तो बदलून कोडेल्कोच्या निर्यातीच्या विक्रीतले 10 टक्के थेट सैन्याला असा झाला. नीट वाचा, नफ्यातले नाही, विक्रीतले. कंपनी तोट्यात गेली तरी सैन्याचा वाटा आधी निघणार, आणि तांबं घसरलं तर वर किमान रकमेची हमी. शाळा आणि दवाखान्यांच्या बजेटला कात्री लागत होती त्याच वर्षांत ही व्यवस्था चालू होती.

दुसरं उदाहरण पेन्शनचं. 1981 मध्ये जुनी सामाजिक पेन्शन मोडून खासगी फंड आणले, पगारातले 10 टक्के आपापल्या खात्यात टाकायचे, बाजार चढला तर तुमचं नशीब, पडला तर तुमचंच. जगभर याचं कौतुक झालं. 1983 नंतर नवीन नोकरीला लागलेल्या शिक्षिकेला किंवा कारकुनाला पर्यायच नव्हता, खासगी फंडच घ्यायचा. पण त्याच दिवशी भरती झालेला लेफ्टनंट? त्याला जुनीच ठरलेली पेन्शन, सरकारी तिजोरीतून. सैन्य आणि पोलीस या सुधारणेतून वगळले गेले. आता मला सांगा, योजना इतकी चांगली होती तर ज्यांच्या हातात बंदूक होती त्यांनी ती स्वतःसाठी का नको म्हटली?

कडू औषध पाजता येतं म्हणालात ना, तर हुकूमशाहीत ते पाजायचं कोणाला हे आधीच ठरलेलं असतं. 1979 च्या कामगार कायद्यात संप करायला परवानगी होती, फक्त 60 दिवस झाले की संपकऱ्यानं स्वतः राजीनामा दिला असं धरायचं आणि तोपर्यंत मालकाला बदली माणसं घेता यायची. पगारवाढ महागाईच्या सरकारी आकड्याला बांधलेली होती, आणि 1976 ते 1978 या काळात तो आकडाच कमी दाखवला गेला होता, हे सिएप्लान या चिलीतल्याच संस्थेच्या अर्थतज्ज्ञांनी 1980 मध्ये मांडलं. म्हणजे पगारवाढ झाली असं पावतीवर दिसतंय आणि बाजारात मात्र पिशवी दर महिन्याला हलकी होतीये. आणि विचारणार कोणाला? बरीच वर्तमानपत्रं बंद, संसद बंद. सरकारी कर्मचाऱ्यांच्या संघटनेचा नेता तुकापेल हिमेनेझ 1982 च्या सुरुवातीला वेगवेगळ्या कामगार संघटनांची मोट बांधत होता, फेब्रुवारीत त्याचा खून झाला, पुढे कोर्टात सिद्ध झालं की खून लष्कराच्या गुप्तचरांनी केला.

विरोध नसला की निर्णय पटापट होतात हे खरं आहे. चुकीचेही तितक्याच पटापट होतात आणि मग ते थांबवायला कोणी नसतं. जून 1979 मध्ये अर्थमंत्री सर्जिओ दे कास्त्रोनं डॉलरचा भाव 39 पेसोवर गोठवला. महागाई आटोक्यात येईल ही कल्पना. पण देशातली महागाई लगेच काही उतरली नाही, पेसो आतून पोकळ होत गेला, बाहेरचा माल स्वस्त, डॉलरमधलं कर्ज त्याहून स्वस्त. टीव्ही, गाड्या, व्हिस्की, सगळं आयात. बँका परदेशातून उचलतायत आणि आपल्याच मालकांच्या कंपन्यांना वाटतायत, कारण विकलेल्या बँका दोन-तीन मोठ्या घराण्यांच्याच हातात होत्या, त्यांच्यावर नजर ठेवणं म्हणजे बाजारात ढवळाढवळ असं तेव्हाचं मत. मग अमेरिकेत व्याजदर चढले, तांबं पडलं. तरी भाव 39 च, सगळं आपोआप ठीक होईल म्हणून. जून 1982 मध्ये शेवटी 39 चा भाव सोडून दिला आणि वर्षअखेर डॉलर 70 च्या पुढे गेला. ज्या माणसानं डॉलरमध्ये घरासाठी कर्ज घेतलं होतं त्याचं कर्ज बसल्या जागी दुप्पट व्हायला आलं. देशाचं उत्पन्न 14 टक्क्यांच्या आसपास घसरलं, आणि सरकारी तात्पुरत्या कामांवर रस्ते झाडणारे, झाडं लावणारे लोक धरले तर जवळपास 30 टक्के बेकार.

आणि मग? जानेवारी 1983 मध्ये याच मुक्त बाजारवाल्या सरकारनं बांको दे चिलीसकट देशातल्या मोठ्या बँका ताब्यात घेतल्या, काही तर बंदच केल्या. सँतियागोत तेव्हा लोक म्हणायचे की आयेंदेला जमलं नाही ते शिकागोवाल्यांनी करून दाखवलं. खासगी बँकांच्या परदेशी कर्जाला सरकारनं हमी दिली, म्हणजे कर्ज घेतलं होतं मूठभर लोकांनी आणि फेडायचं सगळ्यांनी. मे 1983 मध्ये तांब्याच्या कामगारांनी निषेधाची हाक दिली, रात्री घराघरातून भांडी वाजली, ऑगस्टमध्ये पिनोशेनं सँतियागोच्या रस्त्यावर 18,000 सैनिक उतरवले. हे कडू औषध नाही हो, आधीच्या औषधानं झालेला आजार आहे.

नंतर 1985 पासून नवा अर्थमंत्री एर्नान ब्युचीनं जरा व्यवहारी धोरण ठेवलं, बँकांवर कडक नियम आले, वाढ परतली, ते श्रेय देऊन टाकू. त्याच काळात खासगीकरणाची दुसरी फेरी झाली आणि एसक्यूएम या खनिज-खतांच्या सरकारी कंपनीचं नियंत्रण पुढे कोणाकडे गेलं तर पिनोशेचा तेव्हाचा जावई हुलिओ पोन्से लेरू याच्याकडे. यावर मी काही बोलत नाही.

पार्क चुंग-हीचं नाव तुम्ही पिनोशेसोबत एका दमात घेतलंत, पण दोघांचं धोरण अगदी उलटं होतं हे तुमच्या लक्षात आलं नाही का? पार्कनं 1961 मध्ये आल्या आल्या उद्योगपतींना अटक केली, बँका सरकारजमा केल्या आणि निर्यात करेल त्यालाच स्वस्त कर्ज असा दट्ट्या लावला. मग नक्की काय यशस्वी झालं, मुक्त बाजार की सरकारी दट्ट्या? की फक्त हुकूमशाही? फक्त हुकूमशाही म्हणाल तर आफ्रिकेतल्या झाइरेचा (आताचं काँगो) हुकूमशहा मोबुतूही धरा. पिनोशेनं उठाव केला त्याच 1973 च्या नोव्हेंबरमध्ये त्यानं परदेशी लोकांची दुकानं, मळे, धंदे काढून आपल्या माणसांना वाटले, ते दोन-तीन वर्षांत बसले आणि बरेचसे परत द्यावे लागले. पण त्याची खुर्ची 1997 पर्यंत टिकली, कारण वाटप ज्यांना झालं ते त्याचे मिंधे झाले. माझा मूळ मुद्दा हाच होता, धोरण डावं की उजवं हे नंतर, मिंधे कोण होतात ते आधी.

आकडेच हवे असतील तर पिनोशेची 16-17 वर्षं मिळून सरासरी वाढ साधारण 3 टक्के, आणि तो गेल्यावर 1990 ते 1997 मध्ये 7 च्या आसपास. 1990 मध्ये चिलीत दर 5 माणसांत जवळपास 2 गरिबीत होते, 2000 पर्यंत ते प्रमाण निम्म्यावर आलं, निवडून आलेल्या सरकारांच्या काळात. तुम्ही ज्या श्रीमंत चिलीचे फोटो बघून बोलताय ना, तो बराचसा या नंतरच्या काळातला आहे.

राहिलं त्याचं गुपचूप जाणं. 1980 मध्ये त्यानं राज्यघटनेवर मतदान घेतलं, मतदारयाद्या नव्हत्याच, त्या उठावानंतर नष्ट केलेल्या, निकाल 67 टक्के होकार. त्याच घटनेत 1988 चं मतदान, म्हणजे सत्तेवर पुढेही त्यालाच ठेवायचं का, हो की नाही, हे लिहिलेलं होतं आणि ते तो सहज जिंकेल असं त्याला वाटत होतं. यावेळी मात्र याद्या होत्या, विरोधकांची माणसं केंद्राकेंद्रावर आकडे टिपत होती. 5 ऑक्टोबरच्या रात्री सरकार निकाल लांबवत बसलं, शेवटी ला मोनेदा राजवाड्यात शिरता शिरता हवाई दलाचा प्रमुख मातेई पत्रकारांना सांगून गेला की 'नाही' जिंकलंय. आत पिनोशेनं जादा अधिकार मागितले, हुंतेतल्या बाकी तिघांनी सही द्यायला नकार दिला. मतदानात 'नाही' 56 टक्के होतं. त्यानंतरही तो 1998 पर्यंत लष्करप्रमुख राहिला, मग स्वतःच्याच घटनेनुसार तहहयात सिनेटर झाला. आणि तांब्याचा तो कायदा रद्द व्हायला 2019 उजाडलं.