केझॅलॉक केलं म्हणजे सगळं झालं का?

लिनक्स कर्नलमधल्या एका फाइलसिस्टिमच्या कोडवर पॅच आलाय. कमिट मेसेज काय, तर "अनावश्यक इनिशियलायझेशन काढलं, वर्तनात बदल नाही." बदल नाही म्हणे! सुपरब्लॉकच्या, म्हणजे माउंट झालेल्या फाइलसिस्टिमच्या मुख्य नोंदीच्या, खासगी स्ट्रक्टमधून तीन ओळी उडवल्यात: लिस्ट-हेडचं (यादीच्या टोकाचं) इनिट, स्पिनलॉकचं इनिट, म्युटेक्सचं इनिट (ही दोन्ही कुलपं). कारण वर केझॅलॉक आहे, ते मेमरी देतानाच सगळं शून्य करतं, मग पुन्हा कशाला. आणि खाली दोघांचे रिव्ह्यूचे शिक्के. वाचलं कोणी होतं हो हे?

शून्य केलेलं लिस्ट-हेड रिकामं नसतं. रिकाम्या लिस्टचा नेक्स्ट पॉइंटर स्वतःकडे बोट दाखवतो, नलकडे (शून्य पत्त्याकडे) नाही. लिस्ट-एम्प्टी एवढंच विचारतं, की नेक्स्ट म्हणजे हेडच ना? नल म्हणजे हेड नव्हे, म्हणून उत्तर येतं "आत माल आहे". मग पुट-सुपर या अनमाउंटला चालणाऱ्या फंक्शनमधला साफसफाईचा लूप तो माल आणायला नलवर जातो आणि पत्ता शून्यावर ऊप्स, म्हणजे कर्नल कोसळतं. तेही माउंटला नाही, अनमाउंटला! त्या टेस्टमध्ये लिस्टमध्ये कोणी काही घातलंच नव्हतं. घातलं असतं तर लिस्ट-अ‍ॅडने पत्ता आठवर लिहायला जाऊन तिथेच मान टाकली असती, निदान लवकर कळलं असतं. इथे माउंट झालं, फायली वाचल्या, सगळं हिरवं. आणि यूमाउंट मारल्यावर ती प्रोसेस सुपरब्लॉकचं एस-यूमाउंट हे कुलूप हातात धरूनच मेली. आता सिंक (सगळं डिस्कवर लिहा, ही आज्ञा) मारा, त्यालाही तेच कुलूप हवं. डी स्टेट, म्हणजे न मोडणारी झोप. किल मायनस नाइन मारा. डी स्टेटच. रीबूट म्हणाल तर तोही आधी सिंक करायला जातो आणि त्याच रांगेत उभा राहतो. मग काय, व्हीएमचा गळा दाबा बाहेरून.

"पण स्पिनलॉक तर चालला की!" चालणारच. एक्स-८६ वर शून्य म्हणजे उघडं कुलूप, हा योगायोग आहे, करार नाही. डीबग-स्पिनलॉक हा तपासणीचा पर्याय चालू करा, इनिटने लिहायचा मॅजिक आकडा सापडत नाही म्हणून लगेच बोंब मारेल. लॉकडेप, म्हणजे कर्नलचा कुलूप-तपासनीस, तर सरळ विचारतो की बाबा रे, वापरण्याआधी हे ऑब्जेक्ट इनिशियलाइझ केलं नव्हतंस का, आणि मग रुसून पुढच्या रीबूटपर्यंत स्वतःच बंद पडतो. म्हणजे त्यानंतरचे खरे डेडलॉक पण दिसायचे नाहीत. दुष्काळात तेरावा महिना.

म्युटेक्सची गोष्ट त्याहून वाईट. त्याचा ओनर शून्य म्हणजे मोकळा, त्यामुळे एकटा माणूस घेतो, सोडतो, काही होत नाही. पण आत वाट पाहणाऱ्यांची लिस्ट आहे ना, तीही शून्य. दुसरा थ्रेड थांबायला आला आणि रांगेत नाव घालायला गेला की खलास. लॅपटॉपवरच्या दोन कोअरच्या व्हीएममध्ये महिनोन्‌महिने दिसणार नाही, आणि चौसष्ट कोअरच्या मशीनवर पहिल्याच तासात.

एचलिस्ट या दुसऱ्या प्रकारच्या यादीचं हेड शून्य चालतं, आरबी-ट्री या झाडाचं रूट शून्य चालतं, म्हणून यांनी नियमच करून टाकला की शून्य म्हणजे तयार. रेफकाउंट (किती जण वापरताहेत ती मोजणी) शून्यावरून वाढवून बघा एकदा, कर्नल तुम्हाला यूज-आफ्टर-फ्रीचा, सोडलेली मेमरी वापरल्याचा, आरोपी करेल.

आणि जिथे खरोखर शून्य करायला हवं तिथे हेच लोक हात आखडतात! एसबी-गेट-ब्लॉक डिस्कच्या ब्लॉकसाठी बफर देतं, पुसून देत नाही. सीव्हीई-२०१९-११८३३ हे सुरक्षेचं भोक आठवतंय ना? एक्स्ट४ मध्ये एक्स्टेंट ट्रीच्या (फाइलचा डेटा डिस्कवर कुठे आहे त्या नोंदीच्या) नव्या ब्लॉकचा न वापरलेला भाग तसाच डिस्कवर जात होता, कर्नलच्या मेमरीत जे पडलेलं असेल त्यासकट. नुसता मेमसेट. एवढंच!

इनोड (फाइलची कर्नलमधली नोंद) कॅशचं तर बोलूच नका. इनिट-वन्स म्हणजे वन्स. स्लॅबचं (कॅशला मेमरी पुरवणारं) पान नवं आलं की इनिट-वन्स हा कन्स्ट्रक्टर एकदा चालतो, दर अलॉकेशनला नाही. तरीही आपला नवा फ्लॅग कोणीतरी तिथेच शून्य करतो, आणि मग जुन्या भाडेकरूचं लाइटबिल नव्याच्या नावावर येतं. वर ऐकवतात, "इनिट-ऑन-अलॉक चालू आहे ना, दर अलॉकेशन शून्य होतंच." ज्या कॅशला कन्स्ट्रक्टर आहे तिला इनिट-ऑन-अलॉक हातच लावत नाही, साहेब. अलॉक-इनोडमध्ये आपली प्रत्येक फील्ड हाताने भरायची, दुसरा इलाज नाही.

फिल-सुपर, म्हणजे माउंटच्या वेळी सुपरब्लॉक भरणारं फंक्शन, त्याचे एरर पाथ म्हणजे स्वतंत्र तमाशा. मूळ डिरेक्टरी बनवणारं डी-मेक-रूट फसलं तर इनोड तेच सोडतं, तरी खाली तोच इनोड पुन्हा सोडणारं आपलं आयपुट आहेच. एस-रूट (मूळ डिरेक्टरीचा पॉइंटर) लागलेलं नसेल तर पुट-सुपर बोलावलंच जात नाही, लागलेलं असेल तर बोलावलं जातं, आणि सुपरब्लॉक मोडीत काढणारं किल-एसबी दोन्ही वेळा येतं. मग एसबीआय, म्हणजे ते खासगी स्ट्रक्ट, मोकळं कोणी करायचं? यांचं उत्तर: सगळ्यांनी. डबल फ्री झाला की किल-एसबीमध्ये नलचा चेक टाकायचा, त्याच्याकडे बोट दाखवणारं एस-एफएस-इन्फो मात्र नल करायचं नाहीच. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

बरं, एवढा आवाज चढवण्याआधी एक कबुली. हे पाथ तपासायला फेलस्लॅब (मुद्दाम अलॉकेशन फसवणारं साधन) वापरा म्हणून सगळ्यांना डोस पाजण्यात अस्मादिक सगळ्यात पुढे. आणि अस्मादिकांच्याच स्क्रिप्टमध्ये इग्नोर-जीएफपी-वेट डीफॉल्टवर, म्हणजे वाय वर. वाय असताना झोपू शकणारी अलॉकेशन्स फसवली जातच नाहीत, आणि माउंटमध्ये जवळपास सगळी जीएफपी-कर्नल, म्हणजे झोपणारीच. त्या स्क्रिप्टचे हिरवे निकाल मोठ्या अभिमानाने दाखवून झालेत. दुसऱ्याला अक्कल शिकवायला काय जातंय.

ते एन करा. मग प्रॉक-सेल्फमधल्या फेल-एनथमध्ये (कितवं अलॉकेशन फसवायचं तो आकडा) एक लिहून त्याच थ्रेडमधून माउंट कॉल करा, मग दोन, मग तीन. नंतर वाचल्यावर शून्य आलं तर फॉल्ट बसला. शून्याहून मोठा आकडा आला तर तेवढी अलॉकेशन्स झालीच नाहीत, थांबा. प्रत्येक फेरीत एक वेगळा गोटू, म्हणजे साफसफाईकडे मारलेली उडी, धावतो. बरोबर केमेमलीक (मेमरीची गळती पकडणारं) आणि कासान (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं) चालू ठेवा. यात अलॉकेशन फसूनही फिल-सुपरने शून्य (म्हणजे "यशस्वी") परत केलेलं सापडतंच, कारण कोणीतरी गोटूआधी रेटमध्ये, परत द्यायच्या आकड्यात, मायनस ई-नोमेम (मेमरी मिळाली नाही) भरायला विसरलेलं असतं.

हे सगळं त्या पॅचला उत्तर म्हणून लिहून होईपर्यंत व्हर्जन दोन येऊन पडली. तिन्ही इनिट परत आलीत. शाब्बास! कुठे? ब्लॉकसाइज न जमल्यास बाहेर उडी मारणाऱ्या गोटूच्या खाली. आणि ती उडी जिथे पडते, तिथली पहिली ओळ लिस्टवरून फिरते.