ऑपरेशन असेल तर बोला!

सांगलीत थेरपीसाठी कुणापुढंही हात पसरा, पहिला प्रश्न ठरलेला: "ऑपरेशन कितीचं?" अहो, ऑपरेशन नाही! पोरगं ऑटिस्टिक आहे. बोलण्यासाठी स्पीच, रोजची कामं जमायला ऑक्युपेशनल थेरपी दर आठवड्याला लागते, वर्षानुवर्षं. "मग बरा कधी होणार?" झालं, पाकीट परत खिशात.

एक मंडळ चेक द्यायला तयार झालं. अट काय, तर पोराला हार घालून स्टेजवर उभं करायचं, डॉल्बीपुढं! मिक्सर लावला तरी कान दाबून कोपऱ्यात बसतो तो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, सरकारी निरामय आरोग्य विमा १ लाखाचा आहे, पण थेरपीला त्यातला तुकडाच. सल्ले मात्र फुकट: टाळूवर तेल थापा, औदुंबरला नवस बोला, दुसरं होऊ द्या. दुसरं होऊ द्या म्हणे!