रोधकता मातीत होतीच, तिला वाट आपण करून दिली

प्रतिजैविकांना (अँटिबायोटिक औषधांना) दाद न देणाऱ्या जिवाणूंचा, म्हणजेच रोधकतेचा, विषय निघाला की बोलणे गोळ्यांचा कोर्स अर्धवट सोडणाऱ्या रुग्णापाशी येऊन थांबते. तो मुद्दा खरा आहे, पण अपुरा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक १९४३ साली अमेरिकेत, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत, अल्बर्ट शॅट्झ यांना मिळाले ते मातीतल्या स्ट्रेप्टोमायसीज ग्रिसियस या जिवाणूपासून. हा जिवाणू स्वतःच्याच विषाने मरत नाही, कारण त्या रेणूला फॉस्फेट जोडून तो निकामी करणारे विकरही (एन्झाइमही) त्याच्याजवळ असते. औषध आणि त्यावरचा उतारा एकाच पेशीत नांदतात! २००६ साली कॅनडातील गेरी राइट यांच्या गटाने मातीतले ४८० जिवाणू २१ प्रतिजैविकांसमोर तपासले, तेव्हा एकेक जिवाणू सरासरी सात-आठ औषधांना पुरून उरला. पुढे २०११ मध्ये त्याच गटाला कॅनडाच्या यूकॉन प्रदेशातील तीस हजार वर्षे गोठलेल्या मातीतही रोधकता देणारी जनुके आढळली. तेव्हा ना दवाखाने होते, ना औषधे.

यावरून कोणी 'हे तर निसर्गातच आहे' म्हणून हात झटकू नयेत. मातीत विखुरलेली ही जनुके प्लाझ्मिडवर, म्हणजे जिवाणूतल्या डीएनएच्या सुट्या कड्यावर, स्वार होऊन एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकतात, आणि जिथे औषधाचा अंश सतत राहतो तिथे ती बाळगणारेच जिवाणू टिकतात, वाढतात. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथे औषध कारखान्यांच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात २००७ साली लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक नोंदले गेले; औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही ते इतके नसते.

आपल्याकडे डाळिंबावरच्या तेल्या या जिवाणूजन्य रोगासाठी स्ट्रेप्टोसायक्लिन वर्षानुवर्षे फवारले गेले. त्यात स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन, म्हणजे माणसांसाठीचीच दोन औषधे आहेत. तेल्याने बाग हातची जाताना पाहणाऱ्या बागायतदाराला मी दोष देणार नाही. फवारा मारताना त्याने सल्लाही घेतलेला असे. पण पानांवरून ओघळलेले ते पाणी मुळाशी मुरत गेले, आणि त्या मातीतल्या जिवाणूंचे काय झाले हे माती परीक्षणाच्या अहवालात कधीच दिसत नाही. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये यांपाशी तो संपतो. सोलापूर-नाशिकच्या जुन्या बागांमधली माती कृषी विद्यापीठांनी रोधक जनुकांसाठी नियमितपणे तपासावी, शेजारच्या न फवारलेल्या जमिनीशी तिची तुलना करावी आणि ते आकडे बागायतदारांपुढे मराठीत ठेवावेत, अशी माझी मागणी आहे.