यंत्राचा गुणांक म्हणजे निदान नव्हे
एआयने डॉक्टरांची उणीव भरून निघेल, हे एका लेखातलं विधान घाईचं वाटतं. क्षयरोगाचंच बघा. छातीचा एक्स-रे वाचणाऱ्या सॉफ्टवेअरची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये केली, ती १५ वर्षे व त्यापुढील वयासाठी, तीही फक्त चाळणीपुरती, म्हणजे संशयित वेगळे काढण्यापुरती. सॉफ्टवेअर नुसता गुणांक देतं, म्हणजे क्षयाची शक्यता दाखवणारा आकडा. कितीच्या वर संशयित धरायचं, हे स्थानिक रुग्णांवर तपासून ठरवावं लागतं. कंपनीने ठरवलेलाच मर्यादेचा आकडा ठेवला, तर बऱ्या झालेल्या क्षयाचे जुने व्रणही संशयित ठरू शकतात, आणि निदान पक्कं करणाऱ्या थुंकीच्या जनुकीय तपासणीची कार्ट्रिज (एकदाच वापरायचे संच) भराभर संपतात. आकडा फार वर नेला की खरे रुग्ण निसटतात. शिवाय कार्ट्रिजच नसतील, तर हा गुणांक घेऊन रुग्णाने जायचं कुठे?