जो सॅकोवरच्या लेखात एक गोष्ट राहिली

लेख आवडला, पण कॉमिक्समधून पत्रकारिता करणाऱ्या सॅकोची कारकीर्द गाझा आणि बोस्नियापाशीच थांबवलीत, हे खटकलं. हा माणूस आपल्याकडेही येऊन गेलाय. उत्तर प्रदेशातल्या कुशीनगरमध्ये फिरून तिथल्या दलितांच्या दारिद्र्यावर त्याने केलेलं चित्र-वार्तांकन २०१२च्या 'जर्नलिझम' या संग्रहात आहे. त्यानंतर २०१३च्या मुझफ्फरनगर दंगलीवर तर त्याने अख्खं पुस्तकच केलं. मराठी वाचकाला हे आधी सांगायला हवं होतं.

दुसरं म्हणजे त्याची पद्धत. शिक्षण पत्रकारितेचं, त्यामुळे आधी माणसांना भेटून सविस्तर मुलाखती, मग महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं चित्रं. 'फुटनोट्स इन गाझा' या त्याच्या पुस्तकात गाझातल्या १९५६च्या हत्याकांडातून वाचलेल्यांच्या आठवणी एकमेकींशी जुळत नाहीत, तेव्हा तो त्या जुळवून घेत नाही, विसंगती तशीच पानावर ठेवतो. मला यातच त्याचा खरा प्रामाणिकपणा दिसतो. स्वतःलाही चित्रात काढतो, पण चष्म्याच्या काचा कोऱ्या, डोळे दिसतच नाहीत. बाकी सगळ्या चेहऱ्यांवर मात्र एकेक सुरकुती बारीक रेघांनी भरलेली.

आपल्याकडे व्यंगचित्रांची एवढी मोठी परंपरा आहे. एखाद्या दिवाळी अंकाने असं वीस पानी वार्तांकन छापावं, मी तो अंक पहिल्याच दिवशी घेईन.